घरात पाईप फुटून नुकसान: विमा दाव्याचा अंदाजखर्च नेमका कसा काढायचा? (सांगली)

विश्रामबाग_चौक
जाणकारांकडून माहिती हवी आहे. बंगला आरसीसी आहे, तळमजला आणि पहिला मजला, चटईक्षेत्र ९० चौ. मी. वरच्या बाथरूममधल्या गीझरचा जाळीचा कनेक्शन पाईप घर बंद असताना फुटला आणि पाणी स्लॅबमधून खालच्या हॉलमध्ये उतरलं. पीओपी सीलिंग, दोन भिंती, भिंतीत बसवलेलं प्लायवूडचं कपाट, टीव्ही, दिवाण आणि गादी, एवढं नुकसान झालंय. घराच्या विम्याची पॉलिसी 'भारत गृह रक्षा' आहे. ठेकेदाराने एका ओळीचं कोटेशन दिलंय: 'पाण्याने झालेल्या नुकसानीची दुरुस्ती, एकरकमी १,८५,०००'. हेच सर्व्हेअरपुढे (नुकसान पाहून रक्कम ठरवणाऱ्या विमा तपासनिसापुढे) ठेवायचं का? बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला आधीपासून ओल आहे, तीही यात धरता येईल का?

मोजपट्टी
एका ओळीचं कोटेशन देऊ नका. त्यात कापायला काही नसतं, त्यामुळे सर्व्हेअर ते बाजूला ठेवून स्वतःची मापं घेतो आणि पुढचं सगळं त्याच्या मापावर चालतं. तुमची मापं आधी कागदावर असतील तर चर्चा त्या कागदावर होते.

आधी हॉलची मापं द्या. लांबी, रुंदी, सीलिंगपर्यंतची उंची, दारं-खिडक्या. सीलिंग नक्की किती भागात फुगलंय किंवा लोंबतंय तेही लिहा.

कृष्णाकाठ
पैशांच्या आधी कारण बघा. या पॉलिसीत 'पाण्याची टाकी, उपकरणं किंवा पाईप फुटणे अथवा ओसंडून वाहणे' ही विमा असलेली घटना आहे. कनेक्शन पाईप फुटला ते यात सरळ बसतं. बाहेरच्या भिंतीची जुनी ओल बसत नाही, कारण तिथे काही फुटलेलं नाही, हळूहळू पाझरतंय. ती धरू नका. नुसती कापली जाईल एवढंच नाही, बाकीच्या आकड्यांवरही शंका येईल.

ताज्या पाण्याचा डाग बहुतेक वेळा एकाच कडेचा असतो. जुन्या पाझराला एकात एक अशा तपकिरी रेघा असतात, पांढरा क्षार फुललेला असतो, रंग पापुद्र्याने सुटतो. सर्व्हेअर हे पाहिल्या पाहिल्या ओळखतो.

आणि फुटलेला पाईप फेकू नका. दाव्याचं कारण सिद्ध करणारी तीच एक वस्तू आहे. तारखेसह फोटो काढा आणि पिशवीत घालून जपून ठेवा.

गावभागकर
वाचनखूण साठवली. आमच्या भागात पाईपपेक्षा नदीचीच धास्ती जास्त. पुराचा अंदाजखर्चही असाच काढायचा का?

मोजपट्टी
@गावभागकर, पुराचं गणित थोडं वेगळं आहे. आधी याचं संपवू, मग त्याच्याकडे येतो.

विश्रामबाग_चौक
हॉल १६ × १२ फूट, सीलिंगपर्यंत ९ फूट. सीलिंगचा अर्धा भाग, ८ × १२ फूट, लोंबतोय. पाणी एका १६ फुटी आणि एका १२ फुटी भिंतीवरून उतरलंय. त्यातल्या एका भिंतीत ७ × ३ फुटांचं दार आहे. चार एलईडी दिवे गेले, विजेच्या पाच पॉइंटमध्ये पाणी शिरलंय.

मोजपट्टी
मग तक्ता असा होतो. दर फक्त उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या कारागिरांचे टाका.

१) पीओपी सीलिंग, खराब भाग काढून नवीन बसवणे: ९६ चौ. फूट × ९५ = ९,१२०
२) सीलिंगचा रंग, पूर्ण: १९२ चौ. फूट × २२ = ४,२२४
३) दोन भिंती, पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात: (१६ + १२) × ९ = २५२, वजा दार २१, म्हणजे २३१ चौ. फूट × २६ = ६,००६
४) पोकळ झालेलं प्लास्टर काढून नवीन: ४० चौ. फूट × ७० = २,८००
५) दिवे ४ × ३५० = १,४०० आणि पॉइंट ५ × ६०० = ३,०००, एकूण ४,४००

बेरीज २६,५५०.

चौथ्या बाबीचं माप अंदाजाने टाकू नका. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जा. जिथे भद्द आवाज येतो तिथे खडूने रेघ मारा, रेघेच्या आतलं क्षेत्रफळ घ्या आणि पट्टी लावून फोटो काढा.

सीलिंग अर्धंच बदललं तरी रंग पूर्ण सीलिंगला द्यावाच लागतो, नाहीतर जोड दिसतो. भिंतीचंही तसंच, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पण ज्या दोन भिंतींना पाणी लागलंच नाही त्यांचा 'रंग जुळवण्यासाठी'चा खर्च हा वादाचा मुद्दा आहे. मागायचा असेल तर स्वतंत्र बाब म्हणून लिहा. कापली तर तेवढीच ओळ जाते, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

गवंडीकाम_मिरज
मोजपट्टींच्या चौथ्या बाबीवर हरकत आहे. ४० चौ. फूट प्लास्टर ७० रुपयांच्या दराने कुणी येऊन करणार नाही. काम लहान असलं की चौरस फुटाचा दर फसवा ठरतो. १२ मिमी जाडीने, सिमेंट-वाळू १:४ प्रमाणाने ४० चौ. फुटाला सिमेंट अर्ध्या पोत्याच्या आत आणि वाळू सुमारे दोन घनफूट लागते. मालाचा खर्च किरकोळ आहे. पण गवंडी आणि बिगारी यांचा अख्खा दिवस जातो: जुनं काढणं, भिंत भिजवणं, हात मारणं. वर पाणी मारणं वेगळंच.

म्हणून लहान बाबींना दर चौ. फूट लिहू नका. 'गवंडी १ दिवस, बिगारी १ दिवस, सिमेंट १ पोतं, वाळू २ घनफूट' असं लिहा. सर्व्हेअर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पुढे करतो. ती मोठ्या कामांसाठी असते, तिच्या दराने एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. दिवसाप्रमाणे मांडलेलं असेल तर त्याला ते नाकारणं अवघड जातं.

मोजपट्टी
मान्य. चौथी बाब तशीच लिहावी. माझ्या तक्त्यातला २,८०० चा आकडा या हिशोबाने तपासून घ्या.

सुतारनेट
कपाटाबद्दल. प्लाय कुठला आहे ते आधी बघा. आयएस ३०३ मध्ये साधा एमआर (दमटपणा सोसणारा) आणि त्यावरचा बीडब्ल्यूआर असे दर्जे येतात, आयएस ७१० म्हणजे मरीन (पाण्यात टिकणारा). शिक्का पाठीच्या बाजूला किंवा कडेला असतो. मरीन प्लाय एकदा भिजून वाळला तर बहुधा वाचतो, फक्त सनमायका सुटतो. एमआरचे थर सुटतात. पार्टिकल बोर्ड असेल तर तो फुगून भुसा होतो, त्याला दुरुस्ती नाही. अंदाजखर्चात फळीचा प्रकार लिहिलेला असलाच पाहिजे, कारण 'वाळवून वापरता येईल' हा पहिला शेरा तिथेच येतो.

पूर्ण कपाट बदलायची मागणी करण्याआधी तळ आणि खालच्या फुटभरातच नुकसान आहे का ते पाहा. तसं असेल तर: १८ मिमी प्लाय एक शीट, ३२ चौ. फूट × ११० = ३,५२०; सनमायका एक शीट १,६००; सुतार ३ दिवस × १,२०० = ३,६००; बिजागऱ्या, फेविकॉल, किरकोळ ९००. एकूण ९,६२०.

कृष्णाकाठ
आणि हे कपाट 'घरातल्या सामाना'त लिहू नका. भिंतीला किंवा जमिनीला कायमचं पक्कं केलेलं ते इमारतीत, सुटं ते सामानात. पीओपी, वायरिंग, भिंतीतलं कपाट इमारतीत येतं. टीव्ही, दिवाण, गादी सामानात.

दोन्हींच्या विमा रकमा वेगळ्या असतात म्हणून हे महत्त्वाचं आहे. इमारतीची रक्कम म्हणजे चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. ९० चौ. मी. × २५,००० धरला तर २२,५०,०००. सामानाला वेगळी यादी न देताही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं. म्हणजे इथे ४,५०,०००. ज्यांनी फक्त इमारतीचा किंवा फक्त सामानाचा विमा घेतलाय त्यांनी आधी शेड्यूल (पॉलिसीसोबतचा तपशिलाचा तक्ता) वाचावं.

टीव्ही_मेकॅनिक
टीव्हीचं एक सांगतो. ओला टीव्ही, इन्व्हर्टर, फ्रिज 'चालतो का बघू' म्हणून चालू करू नका. भारत गृह रक्षामध्ये शॉर्टसर्किट, जादा दाब, वीजगळती यांनी त्याच उपकरणाचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. पाण्याने भिजलेला बोर्ड चालू करून जळाला की कारण 'शॉर्टसर्किट' असं लिहिलं जातं आणि दावा अडकतो.

प्लग काढा. अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी अहवाल घ्या. मॉडेल, अनुक्रमांक, कुठल्या बोर्डावर पाण्याच्या खुणा आणि गंज आहे, दुरुस्तीचा खर्च, भाग मिळतो की नाही, हे सगळं त्यात हवं. 'डेड' असा एका शब्दाचा अहवाल काही कामाचा नाही. शेजारी त्याच किंवा तशाच मॉडेलची आजची किंमत लिहा. दुरुस्ती द्यायची की नवीन वस्तूची किंमत द्यायची हे कंपनी ठरवते, तुम्ही दोन्ही आकडे समोर ठेवायचे.

आयर्विन_५७
सगळे इतकं बारीक लिहिताय, पण व्यवहार असा आहे की सर्व्हेअर ३० टक्के कापतोच. मग ३० टक्के वाढवून लिहायचं, म्हणजे बरोबर होतं.

कृष्णाकाठ
@आयर्विन_५७, हे कुणी करू नये, अगदी मनापासून सांगतो. खोटी किंवा फुगवलेली मागणी सापडली तर वाढवलेला भागच जातो असं नाही, पॉलिसीच्या अटीनुसार पूर्ण दाव्यावरच पाणी पडू शकतं. कापलं जातं ते का जातं ते बघा: माप नाही, जुनी ओल मिसळली, बिल नाही, दुरुस्तीऐवजी सुधारणा मागितली. ही चार कारणं काढून टाकली की कापायला फार उरत नाही.

मोजपट्टी
सुधारणेचा मुद्दा फार महत्त्वाचा. साध्या ऑइल बाऊंड रंगाच्या जागी महागडा इमल्शन रंग, पीओपीच्या जागी नव्या डिझाइनचं जिप्सम, एमआरच्या जागी मरीन. नुकसानीच्या आधी होतं तसं करून द्यायला विमा बांधलेला आहे. मरीन प्लाय वापरायचाच असेल तर जरूर वापरा, पण अंदाजखर्चात एमआरचा दर लिहा आणि फरक तुम्ही भरा.

शामरावनगर
मलबा उचलायचे पैसे मिळतात का? आणि अंदाजखर्च काढून देणाऱ्या इंजिनिअरची फी?

कृष्णाकाठ
मलब्याला इमारतीच्या दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत. वरचं २६,५५० अधिक कपाट ९,६२० म्हणजे ३६,१७०, त्याचे २ टक्के सुमारे ७२३. ट्रॅक्टरच्या एका खेपेला १,५०० लागले तरी मर्यादा तेवढीच. म्हणून जुनं सीलिंग उतरवायची मजुरी सीलिंगच्या बाबीतच 'काढून नवीन बसवणे' अशी लिहायची. ती खरोखरच त्या कामाचा भाग आहे. नंतर नेऊन टाकायचा खर्च तेवढा मलब्यात.

फीबद्दल लोक गल्लत करतात. पुन्हा उभारणीसाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर लागला तर त्याची वाजवी फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत मिळते. दावा तयार करून देण्याची फी मिळत नाही, ती वगळलेली आहे. दोन वेगळी बिलं घ्या.

गवंडीकाम_मिरज
जीएसटीचं पण सांगा कुणीतरी.

मोजपट्टी
ठेकेदार नोंदणीकृत असेल तर नोंदणी क्रमांकासह बिल घ्या आणि कर स्वतंत्र ओळीत दाखवा. नोंदणी नसलेल्याला कर लावताच येत नाही. त्याच्या कोटेशनमध्ये 'जीएसटी अतिरिक्त' दिसलं की सर्व्हेअर ते खोडतो.

हळदपेठ
फार उपयोगी धागा. सर्व्हेअर आला की चहा द्या, भडंग द्या, पण तो यायच्या आधी भिजलेली गादी घंटागाडीत देऊ नका. :)

कृष्णाकाठ
हळदपेठ यांनी गमतीत सांगितलं तरी ते अगदी खरं आहे. वस्तू दिसली नाही तर तिची नोंद होत नाही. वास यायला लागलेली गादी गच्चीत ठेवा. नाइलाजाने टाकावीच लागली तर कंपनीला आधी ईमेल करा, लांबी-रुंदी-जाडी आणि लेबल दिसेल असे फोटो जोडा. नुकसान झालेल्या वस्तूची भंगार किंमत शेवटी वजा होते, म्हणून ती परस्पर विकू नका.

पाणी उपसणं आणि घर वाळवणं मात्र सर्व्हेअरसाठी थांबवायचं नाही. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी आहे. पंपाच्या भाड्याची पावती ठेवा. तोडफोड आणि रंग यांना मात्र पाहणी होईपर्यंत हात लावू नका.

विश्रामबाग_चौक
सर्वांचे आभार. इथे वाचून ठेकेदाराकडून बाबनिहाय यादी मागितली. १,८५,००० मध्ये पूर्ण घराचा रंग, वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स आणि बाहेरच्या भिंतीची ओल हे सगळं होतं. नवीन हिशोब असा झाला: इमारत ३६,१७०, सामान ५१,५०० (टीव्ही ३८,०००, गादी ९,५००, दिवाणाची दुरुस्ती ४,०००), मलबा ७२३. एकूण ८८,३९३. प्लास्टर दिवसाच्या मजुरीप्रमाणे मांडलं तर थोडा फरक पडेल.

मोजपट्टी
हा कागद कुणीही तपासावा असा झालाय. नियमाप्रमाणे मोटार सोडून इतर दाव्यांत परवानाधारक सर्व्हेअर एक लाखापासून सक्तीचा आहे. त्याखाली कंपनी स्वतःचा माणूस पाठवून किंवा कागदांवरूनही निकाल देऊ शकते. म्हणजे तुमच्या बाबतीत फोटो आणि मापं आणखीच महत्त्वाची. दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्या, सूचना मात्र लगेच.

गावभागकर
आता पुराचं सांगा. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. तळमजल्यावर राहणाऱ्यांना ही माहिती हवीच आहे.

मोजपट्टी
पुरात दोन उंच्या मोजायच्या. एक पाण्याची रेघ, दुसरी ओलीची रेघ. विटा आणि प्लास्टर पाणी वर ओढतात, त्यामुळे ओल पाण्याच्या रेघेच्या वर चढते. जुन्या मातीच्या बांधकामात आणखी वर. दोन्ही रेघा खोलीच्या चारही कोपऱ्यांत जमिनीपासून मोजून लिहा. प्लास्टरचं माप ओलीच्या रेघेपर्यंत, सामानाचं माप पाण्याच्या रेघेपर्यंत. तीन फुटांवर पाणी असताना पाच फुटांवरच्या फळीतली वस्तू भिजली असं लिहिलं तर प्रश्न येणारच.

पुरात पाण्याबरोबर गाळ येतो. स्विच बोर्ड, कपाटांच्या बिजागऱ्या, मोटर यांच्यात तो बसतो. नुसतं 'वाळवणे' पुरत नाही, म्हणून सफाईची मजुरी स्वतंत्र बाब करा. तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जोडा. तुमच्या घरापर्यंत पाणी आलं होतं याचा तो चांगला पुरावा आहे. त्यातला आकडा मात्र सरकारी मदतीच्या निकषांचा असतो, तो विम्याचा अंदाजखर्च म्हणून वापरू नका.

काळी_माती
पाणी ओसरल्यावर भिंतींना तडे जातात, त्यांचं काय? आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तडे महिन्यानंतरही दिसतात.

कृष्णाकाठ
जमीन खचणं पॉलिसीत धरलेलं आहे. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव घातलेल्या जमिनीची हालचाल आणि सदोष बांधकाम वगळलेलं आहे. त्यामुळे तड्यांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कारणासकट अहवाल लागतो. तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे, तेव्हा तडा भरण्याचा खर्च आत्ताच अंतिम धरू नका.

शामरावनगर
बँकेच्या कर्जाबरोबर आलेली जुनी पॉलिसी आहे. तीही अशीच चालते का?

कृष्णाकाठ
नाव वाचा. भारत गृह रक्षा १ एप्रिल २०२१ पासून आली. तिच्यात विमा रक्कम कमी पडली म्हणून दावा त्या प्रमाणात कापत नाहीत. जुन्या स्टँडर्ड फायर (आगीच्या विम्याच्या) पॉलिसीत कापतात. पुनर्बांधणीची किंमत ३० लाख, विमा १८ लाख, नुकसान १ लाख, तर हातात ६०,०००. बँकेचं नाव पॉलिसीवर असेल तर इमारतीचे पैसे बँकेकडे जाऊ शकतात, तेही आधी विचारून ठेवा.

आयर्विन_५७
वाढवून लिहायचा मुद्दा मागे घेतो, पटलं. पण योग्य लिहूनही कापलं तर?

कृष्णाकाठ
सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा आणि कुठली बाब का कापली ते तुमच्या तक्त्याशी ओळ लावून बघा. कंपनीच्या तक्रार विभागाला त्याच ओळींवर उत्तर द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं. मर्यादा ५० लाख, फी नाही, वकील लागत नाही. मुदत कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्ष.

विश्रामबाग_चौक
शेवटचा प्रश्न. सीलिंग उतरवल्यावर स्लॅबखालचं प्लास्टरही पोकळ निघालं तर?

गवंडीकाम_मिरज
तिथेच थांबा, काम पुढे नेऊ नका. पट्टी लावून फोटो काढा आणि 'सीलिंग उघडल्यावर आढळलेलं जादा नुकसान' म्हणून त्याच दावा क्रमांकावर पुरवणी माप पाठवा. आत्ताच्या तक्त्याखाली 'झाकलेल्या भागाची तपासणी बाकी' अशी ओळ लिहून ठेवा. आणि स्लॅबला प्लास्टर लावण्याआधी तो पूर्ण वाळू द्या. ओल्यावर पुट्टी मारली तर दोन महिन्यांत फुगे येतात, आणि ते काम दुसऱ्यांदा दाव्यात घालता येत नाही.